वीर्य तपासणी, खराब रिपोर्ट आणि त्यानंतरचं वर्ष

वीर्य तपासणीची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आहे आणि ती बाहेर काढायचा धीर होत नाही, अशा अवस्थेत आत्ता जे पुरुष असतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी त्या अवस्थेत बरेच दिवस होतो.

आम्ही चान्स घ्यायला लागून वर्ष उलटलं होतं. नियमित संबंध असूनही १२ महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी करावी, आणि बाईचं वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर ६ महिन्यांतच करावी, असा सर्वमान्य संकेत आहे. यातला ‘दोघांची’ हा शब्द आमच्याकडे गळून गेला होता. बायकोच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, सोनोग्राफी झाली होती, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायच्या एक्स-रेची तारीख ठरत आली होती. त्या तपासणीत गर्भाशयात औषध सोडून फोटो काढतात, आणि ती दुखते. माझं मात्र तोवर काहीच झालं नव्हतं. डिसेंबरात आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ बदलल्या. नव्या डॉक्टर बाईंनी फाईल चाळली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुमचा रिपोर्ट कुठे आहे? तो आल्याशिवाय मी हिचा एक्स-रे करणार नाही.”

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूने काही ना काही अडचण असते, कधी एकटी, कधी बाईच्या अडचणीच्या जोडीने. आणि पुरुषाची पहिली तपासणी ही सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि अजिबात न दुखणारी तपासणी आहे. ती शेवटी का ठेवली जाते याचं उत्तर संकोचाखेरीज दुसरं मला सापडलेलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीची वेळ मिळाली. लॅब हे सॅम्पल ठरावीक दिवशी सकाळीच घेत होती, कारण ते हातात आल्यावर लगेच कामाला लागावं लागतं. फोनवर सूचना मिळाल्या : आधी कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपतन नको. दोन दिवसांपेक्षा कमी अंतर ठेवलं तर संख्या कमी दिसू शकते, आणि फार दिवस थांबलं तर संख्या वाढली तरी हालचाल मंदावलेली दिसू शकते. मी चार दिवस ठेवले आणि तो आकडा लिहून ठेवला. पुढच्या वेळी तेवढेच ठेवा, म्हणजे दोन रिपोर्टांची तुलना करता येते. साधा कंडोम चालत नाही, तेल, क्रीम, थुंकी काही चालत नाही, कारण त्याने शुक्राणूंची हालचाल मंदावते. डबी लॅबचीच वापरायची, घरातली धुतलेली बाटली नको.

घरून सॅम्पल आणायची परवानगी होती, पण ते तासाभराच्या आत पोचायला हवं, अर्ध्या तासात पोचलं तर उत्तम. आणताना डबी कपड्यांच्या आत, अंगाजवळ ठेवायची. थंड पिशवी नको, फ्रिज नको. आमचं घर लांब असल्यामुळे मी लॅबमध्येच द्यायचं ठरवलं.

तिथे आधी फॉर्म आला. नाव, जन्मतारीख, ओळखपत्र, किती दिवसांचं अंतर, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, कुठली औषधं चालू आहेत. ओळखपत्रावरचं नाव आणि डबीवरचं नाव माझ्यासमोर ताडून पाहिलं आणि माझी सही घेतली. डबीवर सॅम्पल दिल्याची अचूक वेळ लिहायची होती. फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता : ‘सॅम्पल पूर्ण मिळालं का? काही सांडलं का?’ हा रकाना खरा भरा. वीर्याच्या पहिल्या भागात शुक्राणू सर्वांत जास्त असतात. तोच सांडला तर रिपोर्टात संख्या कमी येते आणि पुढचे सगळे निर्णय त्या चुकीच्या आकड्यावर होतात.

खोलीबद्दल लिहायला हवं, कारण मला भीती तिचीच होती. छोटी खोली, आतून कडी, बेसिन, खुर्ची, बाहेर लोकांचे आवाज. हात धुऊन बसलो आणि शरीर साथ देईना. बराच वेळ गेला. बाहेर कुणी घड्याळ बघत असेल, या विचाराने छाती धडधडत होती. शेवटी दार उघडून तिथल्या ताईंना सांगितलं की जमत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाल्या, “होतं असं पुष्कळांना. बाहेर एक चक्कर मारून या, किंवा मिसेसना बोलवा, त्यांना आत येता येतं. आणि आज नाहीच झालं तर दुसरा दिवस देते.” हेही सांगितलं की हस्तमैथुनाने सॅम्पल देणं कुणाला जमतच नसेल तर शुक्राणूंना अपाय न करणारा खास कंडोम मिळतो, तो घरी वापरून सॅम्पल आणता येतं. एवढं ऐकल्यावरच अर्धं दडपण उतरलं. चक्कर मारून आलो आणि काम झालं. तुम्हालाही ही भीती असेल तर वेळ घेतानाच विचारून ठेवा : जोडीदाराला आत घेतात का, घरून आणता येतं का. हे प्रश्न त्यांना नवे नसतात.

पुढे त्या डबीचं काय होतं ते मी विचारलं आणि ताईंनी सांगितलं. वीर्य आधी घट्ट असतं, साधारण अर्ध्या तासात ते पातळ होतं, जास्तीत जास्त तासभर लागतो. मग प्रमाण, रंग, चिकटपणा आणि आम्लता बघतात. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन किती शुक्राणू पुढे पोहत जातात, किती जागच्या जागी वळवळतात, किती निश्चल आहेत ते मोजतात. संख्या मोजायला आखलेल्या चौकटींची काचपट्टी असते. मोजणी दोनदा करतात, दर वेळी किमान २०० शुक्राणू, आणि दोन आकडे जुळले तरच धरतात. आकारासाठी वेगळी काच रंगवून वाळवावी लागते, म्हणून रिपोर्टला वेळ लागतो. ही माणसाच्या डोळ्यांनी आणि हातांनी होणारी तपासणी आहे, त्यामुळे रोज हे काम करणारी लॅब निवडण्यात अर्थ आहे.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी फोनवर आला. प्रमाण २.१ मिलिलिटर. संख्या मिलिलिटरला ७ मिलियन, म्हणजे ७० लाख. एकूण हालचाल २४ टक्के, त्यातली पुढे जाणारी ११ टक्के. योग्य आकाराचे २ टक्के. खाली एकच लांबलचक शब्द : ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया. संख्या कमी, हालचाल कमी, आकार बिघडलेला, असं तीनही एकत्र.

मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. पहिला विचार आला की हे तिला कसं सांगायचं, आणि त्या पाठोपाठ आला की इतके महिने ती स्वतःला दोष देत होती. संध्याकाळी घरी गेल्यावर फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं आणि बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुढचे काही दिवस मला एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती, म्हणून इथे नीट लिहितो. रिपोर्टात आपल्या आकड्याशेजारी जो संदर्भ आकडा छापलेला असतो तो बहुधा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमपुस्तकातला असतो. त्याची सहावी आवृत्ती २०२१ची आहे. तिच्यात प्रमाण १.४ मिलिलिटर, मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के आणि योग्य आकार ४ टक्के, असे खालच्या टोकाचे आकडे आहेत. हे आकडे आले कुठून? ज्या पुरुषांच्या जोडीदाराला १२ महिन्यांच्या आत दिवस राहिले अशा, वेगवेगळ्या देशांतल्या साडेतीन हजारांहून जास्त पुरुषांच्या सॅम्पलांवरून. त्यांना चढत्या क्रमाने लावलं तर सर्वांत खालच्या पाच टक्क्यांनंतरची रेघ म्हणजे हा आकडा. याचा अर्थ, त्या रेघेखालीही बाप झालेले पुरुष होते, आणि रेघेवर असूनही मूल न होणारे पुरुष असतात. ही पास-नापासाची रेघ नाही. आकाराचंच बघा : संदर्भच ४ टक्क्यांचा आहे, म्हणजे ९६ टक्के शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचे असणाराही त्या रेघेवर बसतो. हे कळल्यावर त्या २ टक्क्यांकडे मी जरा शांतपणे बघू शकलो.

आणि शुक्राणूंच्या संख्येचा मर्दानगीशी संबंध नाही. इच्छा, ताठरता, दाढी-मिशा, आवाज हे सगळं ठीक असूनही वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. सगळ्या पुरुषांमध्ये असे सुमारे १ टक्का असतात. वीर्याचा बहुतेक भाग हा वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतला द्रव असतो, त्यामुळे डोळ्यांना दिसून काहीच कळत नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही एका वंध्यत्व केंद्रात गेलो. तिथे कागदावर एक नजर टाकून सरळ इक्सीचं खर्चपत्रक हातात दिलं. इक्सी म्हणजे एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणं. १९९२ पासून ही पद्धत आहे आणि तिने असंख्य जोडप्यांना मूल दिलं आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला कुणी तपासलं नाही. टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेलो होतो आणि डॉक्टर फक्त कागदाशी बोलत होते. शिवाय इक्सीत इंजेक्शनं, भूल, बीज काढणं हे सगळं पुन्हा बायकोच्याच अंगावर. आम्ही विचार करायला वेळ मागितला आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत गेलो.

त्यांनी फॉर्ममधली एक ओळ बोटाने दाखवली : ‘नोव्हेंबरात चार दिवस जोराचा ताप.’ शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडण्याच्या वाटेवर आणखी काही दिवस. म्हणजे आज दिलेल्या सॅम्पलमध्ये अडीच-तीन महिन्यांपूर्वीचं शरीर दिसतं. तापामुळे संख्या तात्पुरती घसरू शकते. एका रिपोर्टवर निर्णय घ्यायचा नाही, मार्चमध्ये पुन्हा करू, तोवर एका पुरुषरोगतज्ज्ञांना दाखवा, असं त्या म्हणाल्या. माझ्या मते या वर्षातला सर्वांत मोलाचा सल्ला हाच.

मार्चचा रिपोर्ट थोडा बरा आला, पण थोडाच : प्रमाण २.४, संख्या ९० लाख, हालचाल २८ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की हलणाऱ्या शुक्राणूंची एकूण संख्या मिळते, माझी साधारण ६० लाख. सुट्या आकड्यांपेक्षा हा आकडा डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतो. म्हणजे अडचण फक्त तापाची नव्हती.

पुरुषरोगतज्ज्ञांची, म्हणजे अँड्रॉलॉजिस्टची, वेळ मिळायला काही आठवडे गेले, कारण असे तज्ज्ञ कमी असतात. मिळत नसतील तर या विषयात काम करणारा मूत्ररोगतज्ज्ञ शोधा. त्यांनी आधी प्रश्न विचारले, आणि बरेच. लहानपणी अंडकोश खाली उतरले होते का, गालगुंड झाले होते का, हर्नियाचं ऑपरेशन, मार लागणं, सिगारेट, दारू, उष्णतेजवळचं काम, व्यायामशाळेतली इंजेक्शनं. शेवटच्या प्रश्नाचं कारणही सांगितलं : बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून अंडकोशाला जाणारा संदेश बंद पडतो आणि शुक्राणू बनायचे थांबतात. ताकद वाढवायला म्हणून ते घेणाऱ्याचा काउंट शून्यावर येऊ शकतो, आणि बंद केल्यावर परत यायला महिनोन्महिने लागतात. मूल हवं असेल तर ते कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका.

मग तपासणी. उभं राहून, उबदार खोलीत, कारण थंडीत कातडी आकसते. अंडकोशाचं आकारमान बघायला वाढत्या आकाराच्या अंडाकृती मण्यांची माळ असते, ती शेजारी धरून बघतात. डावा उजव्यापेक्षा लहान निघाला. शुक्रवाहिनी दोन्हीकडे हाताला लागली. मग म्हणाले, “श्वास रोखून पोटावर जोर द्या.” डाव्या बाजूला हात ठेवून त्यांनी मान हलवली. व्हॅरिकोसील. अंडकोशाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरा फुगणं. डावीकडे हे जास्त होतं, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्ताला चढ जड जातो. अंडकोश शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहायला हवा, साचलेल्या रक्ताने ती थंडाई जाते. सगळ्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना हे असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. पण मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत हे प्रमाण दुपटीहून जास्त आहे.

हाताने पाच मिनिटांत सापडणारी गोष्ट होती ही.

त्यांनी आणखी एक सांगितलं जे मला कुणीच सांगितलं नव्हतं : खराब रिपोर्ट असलेल्या पुरुषांत अंडकोशाच्या कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त असतं, म्हणून ही तपासणी मुलासाठी म्हणूनच करायची नसते. गाठ लागली तर लगेच दाखवायचं.

रक्ताच्या तपासण्या, एफएसएच (मेंदूकडून अंडकोशाला संदेश नेणारं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन, सकाळीच दिल्या, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारचा आकडा फसवतो. दोन्ही ठीक आले. संख्या याहून बरीच कमी असती तर गुणसूत्रांची तपासणीही लागली असती. ती महाग असते, म्हणून का हवी ते विचारून घ्या. शुक्राणूंच्या डीएनएची तपासणीही बाहेर सर्रास सुचवतात. पहिल्या टप्प्यावर तिची गरज नसते, वारंवार गर्भपात होत असतील तर विचार करतात, असं सांगून त्यांनी तो खर्च वाचवला.

निर्णय आम्ही दोघांनी घेतला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचे आकडे सुधारतात, पण दिवस राहतीलच याची हमी नसते, आणि फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. बायको ३१ वर्षांची, तिच्या तपासण्या चांगल्या. तेवढा वेळ आमच्याकडे होता. ती चाळिशीकडे झुकलेली असती तर आम्ही कदाचित थेट इक्सीकडे गेलो असतो, आणि तेही बरोबर ठरलं असतं. एक अट लक्षात ठेवा : फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या व्हॅरिकोसीलवर शस्त्रक्रिया करू नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

एप्रिल कागदपत्रांत गेला. आमच्या विम्यात वंध्यत्वाचे उपचार बसत नव्हते, पण व्हॅरिकोसील हा शिरांचा विकार, त्याची शस्त्रक्रिया बसत होती. पहिला अर्ज परत आला, कारण डॉक्टरांच्या पत्रात व्हॅरिकोसीलची श्रेणी, म्हणजे ते किती मोठं आहे ते, आणि लहान झालेल्या अंडकोशाचा उल्लेख नव्हता. दोन्ही घालून नवं पत्र, सोबत डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि मग मंजुरी. पूर्वमंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नका. भूलतज्ज्ञांचं आणि सूक्ष्मदर्शकाचं शुल्क वेगळं लागतं का, हेही आधी लेखी घ्या.

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. जांघेत दोन-तीन सेंटिमीटरची चीर, सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा बांधायच्या, धमनी आणि लसिकावाहिन्या (शरीरातला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) जपायच्या. या पद्धतीत व्हॅरिकोसील परत होण्याचं आणि अंडकोशाभोवती पाणी साचण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून ‘सूक्ष्मदर्शकाने करता का’ हा प्रश्न विचाराच. संध्याकाळी घरी आलो. पहिले दोन दिवस चालताना ओढ लागत होती. घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रं, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, आणि काही आठवडे जड उचलणं बंद. लंगोटासारखा आधार आधीच विकत घेऊन ठेवा, त्या दिवशी शोधत फिरणं जमत नाही.

त्यानंतरची वाट पाहणं सर्वांत जड गेलं. करण्यासारखं थोडंच होतं : गरम पाण्यात बसून राहणं नको, लॅपटॉप मांडीवर नको, वजन आटोक्यात, झोप पुरेशी, सिगारेट असेल तर बंद. गोळ्यांबद्दल मी विचारलं, कारण ओळखीतल्या प्रत्येकाकडे एक नाव होतं. डॉक्टरांनी दिल्या नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्या त्यांनी सांगितल्या, एक झिंक आणि फॉलिक ॲसिडची, दुसरी अँटिऑक्सिडंटांच्या मिश्रणाची. दोन्हींत गोळ्या घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा जास्त मुलं झाली नाहीत. त्या पैशांत आणखी एक वीर्य तपासणी होते.

ऑगस्टचा रिपोर्ट : संख्या १ कोटी ८० लाख, हालचाल ३९ टक्के. नोव्हेंबरचा : २ कोटी १० लाख, हालचाल ४४, पुढे जाणारे ३३, आकार ३ टक्के. अंतर दर वेळी चार दिवस, लॅब तीच.

दिवस अजून राहिलेले नाहीत. फेब्रुवारीपर्यंत असंच चालू ठेवायचं आणि नंतर आययूआय, म्हणजे धुतलेलं वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं, असं आम्ही तिघांनी, म्हणजे आम्ही दोघं आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी, ठरवलं आहे. इक्सीचा पर्याय त्यापुढे आहेच, आणि गेल्या जानेवारीत ज्या नावाने माझ्या पोटात गोळा आला होता ते आता आम्ही जेवताना सहज बोलतो. बायकोचा तो एक्स-रे मार्चमध्ये, माझा दुसरा रिपोर्ट हातात आल्यावर, आम्हाला दोघांना विचारून झाला. मी तिच्यासोबत होतो.